पोच आणि जबाबदारी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास कळवा आणि पडघा येथील वीज-उपकेंद्रांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई या तिन्ही शहरांतील वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांचा आश्रय घ्यावा लागला, आणि महामारीमुळे जी असंख्य माणसे त्या काळात कचेरीचे काम घरूनच करीत होती त्यांचा कचेरीशी उरलेला एकमेव दुवाही निखळला. कळवा हे ठाण्याच्या खाडीपलीकडचे उपनगर आणि पडघा हे भिवंडी तालुक्यात नाशिकच्या रस्त्यावरचे गाव. म्हणजे ज्या बिघाडाने अवघी मुंबई थबकली त्याची दोन्ही टोके ठाणे जिल्ह्यातच होती. अशा प्रसंगी ज्या कंपनीचा मेल सर्व्हर तिच्या स्वतःच्या इमारतीत असतो आणि जिच्यापाशी जनित्र नसते, तिच्या यूपीएसच्या बॅटऱ्या काही वेळ तग धरतात आणि मग सर्व्हर निमूटपणे बंद पडतो. आश्चर्य पुढेच आहे. वीज परत येते, सर्व्हर सुरू होतो, आणि तो बंद असताना जगाच्या निरनिराळ्या भागांतून त्याच्या नावे निघालेली पत्रे एकामागून एक, कोणी तगादा न लावता, पेट्यांमध्ये येऊन पडू लागतात. ती इतका वेळ कोठे होती आणि ती सांभाळण्यास कोण बांधलेले होते, हे समजून घेतले म्हणजे मेल सर्व्हरच्या कारभाराचे निम्मे मर्म हाती येते.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी नावाची एक संहिता प्रसिद्ध केली; पुढे तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, परंतु जगातील ई-मेलचा सर्व व्यवहार आजही मूलतः तिच्याच आधाराने चालतो. पत्र पाठवणारा सर्व्हर प्रथम डीएनएस या जागतिक नामावलीत अशी पृच्छा करतो की अमुक डोमेनचे, म्हणजे पत्त्यातील ‘अ‍ॅट’ चिन्हानंतरच्या नावाचे, टपाल स्वीकारण्याचा अधिकार कोणत्या यंत्राकडे आहे. उत्तरादाखल ज्याचे नाव मिळते त्या यंत्राच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर तो जोडणी करतो, स्वतःची ओळख सांगतो, पत्र कोणाकडून आले आणि कोणास द्यावयाचे हे दोन स्वतंत्र आज्ञांनी निवेदन करतो, मग मजकूर ओळीओळीने सांगत जातो आणि शेवटच्या ओळीवर केवळ एक ठिपका ठेवतो. यावर समोरच्या सर्व्हरने ‘२५०’ हा अंक उच्चारला की पोच मिळाली. ही पोच साधीसुधी नव्हे. संहितेच्या कलमानुसार ती देणाऱ्या यंत्राने ते पत्र इच्छित पेटीपर्यंत नेण्याची, आणि तसे न जमल्यास प्रेषकाला कळवण्याची, जबाबदारी पत्करलेली असते. आपण मध्येच बंद पडलो यासारख्या किरकोळ सबबीवर ते पत्र गहाळ होऊ देण्याची मुभा त्याला नसते. समोरून ४ ने सुरू होणारा अंक आला तर ‘तूर्त शक्य नाही, पुन्हा या’ असा त्याचा अर्थ, आणि ५ ने सुरू होणारा आला तर तो कायमचा नकार. आणि समोर कोणीच नसेल, दिवे गेलेले असतील, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र स्वतःच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवून निदान अर्ध्या तासाच्या अंतराने पुनःपुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असा संकेत आहे.

जबाबदारी एका हातून दुसऱ्या हाती जाताना ती क्षणभरही बेवारस राहू नये, या एका तत्त्वावर ही सारी व्यवस्था उभी आहे, आणि मेल सर्व्हरचा कारभार पाहणाऱ्या माणसाचे कामही त्याच तत्त्वाचे पालन करणे हे आहे, असे माझे मत आहे. यंत्रे विकत मिळतात, प्रणाली भाड्याने मिळतात. कंपनीच्या वतीने ‘२५०’ म्हणणारा, आणि म्हटल्यावर त्या शब्दाला जागणारा माणूस मात्र नेमावा लागतो.

ठाण्यातील वागळे इस्टेटच्या किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आज हा माणूस कोण असतो? मोठ्या कंपनीत त्याला ‘सिस्टम अ‍ॅडमिन’ असा हुद्दा असतो. मध्यम कंपनीत तो ‘आयटीवाला’ या व्यापक नावाने ओळखला जातो आणि प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सर्व काही त्याच्याच माथी असते. आणि पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात हिशेब पाहणारा कारकूनच कोणत्यातरी विक्रेत्याच्या साह्याने हे काम उरकतो. या शेवटच्या वर्गाविषयी मला विशेष आस्था आहे, कारण रंग, रसायने, कापडप्रक्रिया, यंत्रांचे सुटे भाग यांचा जो व्यापार या पट्ट्यात चालतो त्यातील पुष्कळसा पत्रव्यवहार याच लहान कारखान्यांतून परदेशी जातो, आणि त्याच्या रक्षणाची व्यवस्था सर्वांत दुबळीही तेथेच असते.

मुळात ही टपालव्यवस्था निर्माण झाली ती परस्परविश्वासाच्या वातावरणात. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या संगणकजाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध ‘अ‍ॅट’ चिन्ह ठेवले, तेव्हा त्या जाळ्यावर होते ते सारे संशोधक. आपल्याकडेही तसेच घडले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने १९८६ मध्ये अर्नेट हा संगणकजाळ्याचा प्रकल्प हाती घेतला, आणि त्याच सुमारास जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्या दरम्यान टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. त्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. जुहू आणि पवईमधील त्या दोन संस्थांना एकमेकींची ओळख पटवून देण्याची गरजच नव्हती. संहितेतही म्हणून ओळख पटवण्याचे कलम नव्हते. ‘हे पत्र अमुक व्यक्तीकडून आले आहे’ असे सर्व्हरने सांगितले की ते खरे मानावयाचे, एवढाच शिरस्ता होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य जनतेला खुले केले आणि मुंबईच्या परिसरातील व्यापाऱ्यांच्या लेटरहेडवर निगमाच्या यंत्रावरचे लांबलचक पत्ते छापले जाऊ लागले. ते पत्ते त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात. परंतु ते व्यापाऱ्याच्या मालकीचे नव्हते. २००२ मध्ये निगम टाटा समूहाकडे गेला, २००८ मध्ये त्याचे नावही बदलले, आणि ज्यांचा पत्ता पुरवठादाराच्या नावाशी बांधलेला होता त्यांना तो पुढेमागे सोडावा लागला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सेवांच्या कारभाराचे संगणकीकरण करून राज्यातील इतर नगरपालिकांपुढे आदर्श ठेवला. त्याच शहरांतील कित्येक खासगी कारखाने मात्र अद्याप फुकट मिळणाऱ्या वैयक्तिक पत्त्यावरून परदेशी ग्राहकाशी लाखोंचे व्यवहार करतात. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला फार मोठी रक्कम मागत नाही. ते असले की सर्व्हर कोठेही हलवा, पुरवठादार कोणताही धरा, पत्ता आपलाच राहतो.

डोमेन आपले झाले की त्याची पत राखण्याचे काम सुरू होते, आणि कारभाऱ्याचा बहुतांश वेळ याच कामी खर्च होतो. ३ मे १९७८ रोजी संगणक विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या माणसाने अर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली, ती अनाहूत ई-मेलची पहिली घटना मानली जाते. पुढे या उपद्रवाला पूर आला. त्या काळचे बहुतेक सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पुढे नेत असत. ही उदारता चोरांच्या पथ्यावर पडली, आणि ती बंद करणे हा कारभारातील पहिला धडा ठरला. मग काळ्या याद्या आल्या. ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या इंटरनेटवरील अंकावरून, स्पॅम निघते त्याची नोंद स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात आणि जगभरचे सर्व्हर पोच देण्यापूर्वी ती यादी पाहतात. लेखाविभागातल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरला, तो रात्रभर हजारो पत्रे पाठवीत राहिला, आणि सकाळी विक्रीविभागाचा प्रत्येक मेल ‘५५०’ किंवा ‘५५४’ असा शेरा घेऊन परत आला, तर ‘सर्व्हर डाउन आहे’ असा ओरडा होतो. वस्तुतः सर्व्हर धडधाकट असतो, गेलेली असते ती पत. यादीतून नाव काढून घेण्याचा अर्ज करता येतो, परंतु मूळ संसर्ग दूर न करता अर्ज केला तर नाव पुन्हा चढते आणि दुसऱ्या वेळी ते काढणे अधिक कठीण जाते.

याच कारणास्तव घरगुती ब्रॉडबँडच्या बदलत्या आयपीवर मेल सर्व्हर मांडून चालत नाही. तसल्या पत्त्यांचे गटच्या गट याद्यांमध्ये आधीपासूनच नमूद असतात. स्थिर आयपी घ्यावा लागतो, आणि त्या अंकावरून उलट शोध घेतला असता कंपनीच्याच सर्व्हरचे नाव निघेल अशी नोंद इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. या एका नोंदीसाठी पाठपुरावा करण्यात कारभाऱ्याचे दिवसचे दिवस जातात, हे या व्यवसायातला कोणीही सांगेल.

ओळख पटवण्याचे जे कलम मूळ संहितेत नव्हते ते पुढे तीन हप्त्यांत आले. एसपीएफ या पहिल्या व्यवस्थेत डोमेनचा मालक डीएनएसमध्ये असे जाहीर करतो की माझ्या नावाने टपाल पाठवण्याचा अधिकार केवळ अमुक यंत्रांना आहे. डीकेआयएम या दुसऱ्या व्यवस्थेत पाठवणारा सर्व्हर प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने गणिती मोहोर उठवतो. तिची जुळणी करण्यासाठी लागणारी उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असल्यामुळे मार्गात कोणी मजकुरात फेरफार केला तर मोहोर जुळत नाही. तिसरी व्यवस्था डीमार्क. आधीच्या दोन्ही परीक्षांत अनुत्तीर्ण ठरलेल्या पत्राचे काय करावे, ते स्वीकारावे, स्पॅममध्ये टाकावे की नाकारावे, याविषयीचा मालकाचा हुकूम तिच्यात असतो, आणि आपल्या नावाने जगात कोण कोण पत्रे पाठवीत आहे याचे अहवालही तिच्यामुळे मालकाकडे येतात. या अहवालांचे वाचन प्रथमच करणाऱ्या कारभाऱ्याला बहुधा धक्का बसतो, कारण कंपनीच्या नावाने टपाल पाठवणारी जी यंत्रे त्यात दिसतात त्यांपैकी काही त्याला ठाऊकच नसतात: एखादी जुनी बिलप्रणाली, विपणनविभागाने परस्पर घेतलेली एखादी सेवा, आणि क्वचित एखादा भामटाही. या सर्वांचा छडा लावून कायदेशीर यंत्रांना यादीत आणीपर्यंत कडक हुकूम देता येत नाही. घाई केली तर आपलीच पगारपत्रके नाकारली जातात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दररोज मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही व्यवस्था सक्तीच्या केल्या, आणि जे काम वर्षानुवर्षे ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून रखडले होते ते पुष्कळ ठिकाणी काही आठवड्यांत मार्गी लागले.

या तिन्ही व्यवस्थांनी सर्व फसवणूक थांबते काय? थांबत नाही, आणि ज्या फसवणुकीने लहान निर्यातदार बुडतो ती तर यांच्या कक्षेबाहेरच घडते. तिची रीत अशी असते. कंपनीतील एखाद्याचा पासवर्ड खोट्या लॉगिन-पानाच्या साह्याने चोरला जातो. चोर पेटीत शिरतो, परंतु काहीही नष्ट करीत नाही. तो केवळ एक नियम लावून ठेवतो की ज्या पत्रांत ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असतील त्यांची एकेक प्रत आपणाकडे यावी. आठवडेच्या आठवडे तो व्यवहार वाचतो, माल कधी निघणार, रक्कम किती, ग्राहकाला कोणत्या शब्दांत संबोधतात, हे सारे अभ्यासतो. मग कंपनीच्या नावासारखेच दिसणारे एक डोमेन विकत घेतो, ज्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी बसवलेली असतात, आणि ऐन देणे चुकते करण्याच्या दिवशी ग्राहकाला कळवतो की आमच्या बँकखात्यात लेखापरीक्षण चालू असल्यामुळे रक्कम या नव्या खात्यात भरावी. त्या नव्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सर्व काही चोख असते, कारण त्याचा मालक चोरच असतो. ग्राहक रक्कम भरतो, माल पोचलेला असतो, आणि दोन्ही प्रामाणिक पक्ष एकमेकांना अप्रामाणिक समजू लागतात.

येथे कारभाऱ्याने काय करावे हे निश्चित सांगता येते. पासवर्डच्या जोडीला दुसरी खूण, म्हणजे फोनवरचा अंक किंवा सुरक्षाकिल्ली, सर्वांना सक्तीची करावी आणि त्यातून संचालकांना सूट देऊ नये, कारण चोराचे लक्ष्य बहुधा तेच असतात. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप प्रत पाठवण्याचे नियम मुळातच बंद ठेवावेत. आणि खातेबदलाचे कोणतेही पत्र आले तर पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनीवर बोलूनच खात्री करावी, असा लेखाविभागाला लेखी आदेश असावा. तरीही घात झालाच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार द्यावी. रक्कम गोठवण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

कारभाऱ्याच्या नित्यक्रमात एवढे नाट्य नसते. सकाळी डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीत उभ्याउभ्याच तो फोनवर क्यूची लांबी पाहतो. ती नेहमीएवढी असली तर दिवस बरा. कोणाची पेटी भरलेली असते. कोणाला वीस एमबीचा आराखडा पाठवावयाचा असतो आणि मर्यादा पंचवीसची असूनही तो परत येतो, कारण अटॅचमेंट पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानी येण्याजोगे नसते. नवा मनुष्य रुजू होतो, त्याला पेटी हवी असते. जुना सोडून जातो, त्याची पेटी त्याच दिवशी बंद व्हावी लागते, आणि मनुष्यबळ विभागाकडून ती बातमी कारभाऱ्यापर्यंत पोचावी अशी रीत घालून द्यावी लागते. सोडून गेलेल्या माणसाची उघडी राहिलेली पेटी ही कोणत्याही व्हायरसइतकीच धोक्याची असते, असे मी मानतो.

या कामात एक नाजूक अधिकार अनुस्यूत आहे, आणि त्याविषयी जितके बोलले जावे तितके बोलले जात नाही. सर्व्हरची सर्वोच्च किल्ली ज्याच्याकडे असते त्याला तांत्रिक दृष्ट्या कोणाचीही पेटी उघडता येते: संचालकांची, कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याची, शेजारच्या टेबलावरच्या मित्राची. पगारवाढीच्या याद्या, बडतर्फीचे मसुदे, एखाद्याच्या आजारपणाचे कागद, सारे त्याच्या हाताच्या अंतरावर असते. सरकारी कचेरीत बारनिशीचा कारकून आवक-जावक टपालाची नोंद करताना कोणाचे पत्र कोणास आले हे जाणतो, परंतु ‘गोपनीय’ असा शिक्का असलेला लखोटा फोडत नाही; मेल सर्व्हरच्या कारभाऱ्याकडे मात्र सगळेच लखोटे उघडे येतात आणि न वाचण्याचा निश्चय त्याला स्वतःच करावा लागतो. त्या निश्चयाला संस्थेने आधार द्यावा. कोणाची पेटी उघडावयाची तर दोन वरिष्ठांचा लेखी हुकूम असावा, ती उघडल्याची नोंद कारभाऱ्याला स्वतःला पुसता येणार नाही अशा ठिकाणी राहावी, आणि नेमणुकीच्या वेळीच कर्मचाऱ्यांना सांगितलेले असावे की कंपनीच्या पेटीवर कंपनीचा कोणत्या मर्यादेपर्यंत हक्क आहे. फोनवरून साहेब म्हणाले म्हणून पेटी उघडली, हे पुढे न्यायालयात कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

न्यायालयाचा उल्लेख येथे अकारण नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे २९६ मतांनी विजयी झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान दिले; उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला हे त्यांना निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील व्हिडिओ चित्रणाच्या आधारे सिद्ध करावयाचे होते. पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत, ती यंत्रणा चालवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचे प्रमाणपत्र लागत असे. ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १४ जुलै २०२० रोजी त्रिसदस्यीय पीठाने निर्णय दिला की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करूनही ज्याला ते मिळाले नाही त्याला त्या अटीतून सवलत मिळू शकते. हा तंटा मराठवाड्यातल्या एका निवडणुकीचा. परंतु त्याचा निर्णय ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात एखाद्या करारभंगाच्या दाव्यात दाखल होणाऱ्या प्रत्येक ई-मेलच्या छापील प्रतीला लागू पडतो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावयाचे असून त्यात नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला आणि एक अक्षर बदलले तरी बदलणारा ठसा, नमूद करावा लागतो. मी अमुक यंत्राचा कारभार पाहत होतो, ते या काळात नीट चालत होते, आणि ही प्रत त्यातूनच निघाली आहे, असे लिहून त्याखाली स्वतःच्या नावाची सही करण्याचा प्रसंग ज्याच्यावर येऊ शकतो, त्याला आपले काम केवळ तांत्रिक आहे असे म्हणता येणार नाही.

नोंदींविषयीचा दुसरा हुकूम सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावे, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्यात, आणि सर्व यंत्रांची घड्याळे ठरलेल्या राष्ट्रीय कालसेवांशी जुळवून घ्यावीत, असे त्यात आहे. घड्याळाची बाब क्षुल्लक वाटेल. परंतु दोन सर्व्हरांच्या नोंदींत चार मिनिटांचा फरक असला की पत्र आधी आले की चोर आधी आला, हे सांगताच येत नाही.

दिनांकाच्या चुकीने केवढा घोटाळा होतो याचे उदाहरण १ जानेवारी २०२२ रोजी साऱ्या जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या प्रणालीतील विषाणुशोधक आपल्या आवृत्तीचा क्रमांक वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने एकाच पूर्णांकात साठवीत असे. नव्या वर्षाचा पहिला क्रमांक २,२०,१०,१०,००१ हा झाला आणि त्या साठवणीत मावणारी कमाल संख्या होती २,१४,७४,८३,६४७. शोधक कोसळला, आणि तपासणी झाल्याविना पत्र पुढे न नेणारे सर्व्हर सगळी पत्रे क्यूमध्ये धरून बसले. शनिवारच्या सुट्टीच्या दिवशी जगभरचे कारभारी घरून उठून कामाला लागले. पत्रे गहाळ झाली नाहीत. पोच दिलेली होती, आणि क्यूने ती सांभाळली. त्याच्या आदल्या वर्षी, २ मार्च २०२१ रोजी, याच प्रणालीतील चार गंभीर छिद्रांवर मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती, आणि ज्यांनी ती लावण्यास काही दिवसांचा विलंब केला त्यांच्यापैकी अनेकांच्या सर्व्हरात त्या अवधीत चोरदरवाजे बसले.

अशा अनुभवांनी थकून पुष्कळ कंपन्यांनी आपले सर्व्हर मोठ्या पुरवठादारांच्या क्लाउडवर नेले, आणि मला तो निर्णय बहुतांशी योग्य वाटतो. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरले होते. अशा पट्ट्यात तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच कपाटात त्याच्या बॅकअपची डिस्क ठेवणाऱ्या माणसाला कोणताही कारभार तारू शकणार नाही. परंतु क्लाउडवर जाण्याने काय जाते आणि काय राहते याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. वीज, थंड हवा, डिस्क बदलणे, दुरुस्त्या लावणे हे जाते. डोमेनचे नूतनीकरण राहते, आणि ते ज्या खात्यातून होते ते खाते पूर्वीच कंपनी सोडून गेलेल्या विक्रेत्याच्या नावावर असेल तर एके दिवशी संपूर्ण टपाल बंद पडते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन व्यवस्था राहतात. कोणाला पेटी द्यावी, कोणाची काढावी, कोणाची उघडावी, हे राहते. चुकून पुसलेले पत्र पुरवठादार ठरावीक दिवसच राखतो, म्हणून स्वतंत्र बॅकअपही राहतो. आणि न्यायालयात सही राहते.

संहितेने प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ या नावाची पेटी सक्तीची केली आहे. त्या डोमेनच्या टपालाविषयी कोणाला तक्रार करावयाची असेल तर ती तेथे करावी. कित्येक कंपन्यांत ही पेटी अस्तित्वात असते, पण तिच्यात येणारे कोणी वाचत नाही. नवा कारभारी नेमला की त्याने पहिल्या दिवशी हीच पेटी उघडून पाहावी. आधीच्या काही वर्षांत कंपनीची पत कोठे कोठे खर्ची पडली याचा वृत्तांत तिच्यात बहुधा साठलेला असतो.

मराठीतील पत्रव्यवहाराचा प्रश्नही याच कारभारात येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत टंकलेले पत्र ज्याच्याकडे तोच फाँट नाही त्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता होऊन उमटत असे, आणि म्हणून कित्येक कचेऱ्यांनी मराठी मजकूर ई-मेलने पाठवणेच सोडून दिले होते. युनिकोडने ती अडचण दूर केली. विषयाची ओळ, मजकूर, अटॅचमेंटचे नाव हे सारे आता देवनागरीत बिनदिक्कत जाते. उरला तो पत्ता. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि ते मराठीसह आठ भाषांसाठी खुले आहे. ‘अ‍ॅट’ चिन्हाच्या दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षरे असलेल्या पत्त्यांसाठी एसएमटीपीचा विस्तार २०१२ मध्येच संमत झाला. पोस्टफिक्स या बहुप्रचलित सर्व्हरप्रणालीत तो फेब्रुवारी २०१५ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. अडचण अशी की मार्गातील प्रत्येक सर्व्हरने हा विस्तार मान्य केलेला असावा लागतो, आणि एकानेही तो नाकारला तर पत्र परत फिरते. म्हणून डोंबिवलीतील ज्या कारखानदाराला आपल्या नावाचा देवनागरी पत्ता हवा असेल त्याने तो अवश्य घ्यावा, त्याच्या जोडीला त्याच पेटीचा रोमन पत्ताही ठेवावा, आणि आपल्या सर्व्हरवर हा विस्तार चालू आहे की नाही हे आजच कारभाऱ्याला विचारावे. ती तजवीज करण्यास त्याला फार वेळ लागत नाही.